पंखा ओझ्याप्रमाणे निवडावा: उंचावरील जलाशय आणि आउटबोर्ड मोटर

मैसूर शहराच्या नैऋत्येस, हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, कबिनीचा विस्तीर्ण जलाशय आहे. वायनाडच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या कबिनी नदीवरील हे धरण १९७४ मध्ये पूर्ण झाले. जलाशय काठोकाठ भरला म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६९६ मीटर उंचीवर असते. शहराच्या वायव्येस कावेरीवरचे कृष्णराजसागर आहे. त्याचे बांधकाम १९११ मध्ये सुरू झाले आणि त्याचे पाणी सुमारे ७५० मीटर उंचीवर साठते. या भागातील मच्छीमाराचे पूर्वापार वाहन म्हणजे हरिगोल, अर्थात बांबूची वाटोळी, टोपलीसारखी होडी. तिला एक वल्हे पुरते, इंधन लागत नाही आणि ती खांद्यावर उचलून नेता येते.

आता मात्र दख्खनच्या पठारावरील अनेक जलाशयांत वल्ह्याच्या जोडीला आउटबोर्ड मोटर आली आहे. कबिनीत ती पर्यटकांच्या नौकांवर दिसते. इतरत्र गस्त, पाण्याची पाहणी, बचावकार्य आणि पिंजरा पद्धतीच्या मत्स्यसंवर्धनासाठी खाद्याची वाहतूक अशा कामांसाठी ती वापरली जाते. मोटर विकत घेताना अश्वशक्तीची चर्चा भरपूर होते. किंमत, इंधनाचा प्रकार आणि सुटे भाग यांचीही चौकशी होते. मोटरीच्या टोकाला बसणाऱ्या प्रोपेलरचा, म्हणजे मच्छीमारांच्या बोलीतील पंख्याचा, विचार मात्र क्वचितच केला जातो. खोक्यातून जो पंखा निघाला तोच बसवला जातो आणि तुटेपर्यंत तोच चालतो.

या दुर्लक्षाची किंमत मोठी असते. चुकीचा पंखा बसवलेली मोटर प्रत्येक फेरीला अधिक पेट्रोल जाळते आणि तिचे आयुष्य कमी होते. भर उन्हाळ्यात वळवाचे वारे सुटले आणि रुंद जलाशयावर लाटा उठल्या, तर ओझ्याने भरलेल्या नौकेला काठ गाठण्यासाठी लागणारा राखीव जोर अशा मोटरीत शिल्लक नसतो. पंख्याची निवड हा म्हणूनच खर्चाइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

पंख्यावरील दोन आकडे

पंख्याच्या मध्यभागी असलेल्या तुंब्यावर किंवा एखाद्या पात्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा व्यासाचा असतो. पाती फिरताना जे वर्तुळ आखतात, त्या वर्तुळाचा व्यास तो इंचांत सांगतो. दुसरा आकडा पिचचा. लाकडात स्क्रू पिळताना तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक अंतर आत शिरतो. पंखाही पाण्यात तसाच पुढे सरकतो असे मानले, तर एका फेऱ्यात तो जितके इंच पुढे जाईल तितका त्याचा पिच. ‘१० गुणिले १३’ असा पंखा असेल तर त्याचा व्यास १० इंच आणि पिच १३ इंच असतो.

पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे पंखा प्रत्यक्षात तेवढे अंतर जात नाही. पाणी मागे ढकलले गेले तरच नौका पुढे जाते, म्हणून थोडी घसरण अटळ आणि आवश्यकही असते. हलक्या, वेगवान नौकेत ही घसरण साधारण १० ते २० टक्के असते. जड आणि मंद नौकेत ती ४० टक्क्यांवरही जाते.

पिचचे काम ट्रॅक्टरच्या गिअरशी ताडून पाहता येते. भरलेली ट्रॉली घेऊन घाट चढताना वरचा गिअर टाकला तर इंजिन गुरगुरते, धूर ओकते आणि दमते. रिकाम्या ट्रॅक्टरने सपाट रस्त्यावर खालचा गिअर ठेवला तर इंजिन उगाच किंचाळते. जास्त पिचचा पंखा हा वरच्या गिअरसारखा आणि कमी पिचचा खालच्या गिअरसारखा असतो. फरक एवढाच की ट्रॅक्टरचालक चढ पाहून गिअर बदलतो, तर नौकेला बसवलेला पंखा दिवसभर एकच गिअर घेऊन फिरतो. तो गिअर कोणत्या कामासाठी आहे हे आधीच ठरवावे लागते.

व्यासाच्या बाबतीत निवडीला फारसा वाव नसतो. पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी आणि गिअरपेटीचा आकार व्यासावर मर्यादा घालतात. सर्वसाधारण नियम असा की जड ओझे हळू ओढायचे असेल तर मोठा व्यास आणि कमी पिच लाभदायक ठरतो. मोठा पंखा पुष्कळ पाणी हळू ढकलतो, लहान पंखा थोडे पाणी जोराने ढकलतो आणि त्यात शक्ती वाया जाते. लहान मासेमारी नौकांच्या इंधनबचतीच्या मार्गदर्शनात पंख्याला महत्त्वाचे स्थान दिले जाते, त्याचे कारण हेच आहे.

‘टर्बिनिया’चा अनुभव

शक्ती भरपूर असूनही पंखा चुकला तर काय होते, याचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. चार्ल्स पार्सन्स यांनी वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ ही सुमारे ३१ मीटर लांबीची नौका बांधली. १८९४ मध्ये तिची पाण्यातील चाचणी झाली तेव्हा वेग निराशाजनक ठरला. यंत्र उत्तम होते, पण पंखा इतक्या वेगाने फिरत होता की पात्यांच्या पाठीमागे पाण्याचा दाब कोसळून वाफेच्या पोकळ्या तयार होत होत्या. पाते पाण्याऐवजी पोकळीत फिरले तर जोर कुठून येणार? पार्सन्स यांनी लहान टाकीत पंखे फिरवून या पोकळ्यांचा अभ्यास केला आणि अखेरीस तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन, असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात ‘टर्बिनिया’ने ३४ नॉटच्या आसपास वेग घेऊन उपस्थितांना थक्क केले. यंत्रातील शक्ती पाण्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था सुधारल्यावर हा बदल घडला.

लहान आउटबोर्ड मोटरीतही अशा पोकळ्या होतात. पात्याची कड वाकली किंवा तिला खाचा पडल्या की त्या जागी पोकळी तयार होते. ती फुटताना धातूला टोचे मारते आणि पाते सुईने टोचल्यासारखे खडबडीत दिसू लागते. याहून वेगळा, पण दिसायला सारखा दोष म्हणजे पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली जाणे. मोटर फार उंच बसवली असेल किंवा नौकेने तीव्र वळण घेतले असेल तर हा दोष उद्भवतो. इंजिनाचा आवाज एकाएकी चढतो आणि नौका मात्र मंदावते. पंखा बदलण्याआधी मोटरीची उंची तपासणे म्हणून आवश्यक ठरते. पंख्यावरची आडवी पट्टी साधारणपणे नौकेच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली सुमारे २५ मिलिमीटर असावी. नौकेच्या मागच्या फळ्याची उंची आणि मोटरीच्या दांड्याची लांबी यांचा मेळ बसत नसेल तर कोणताही पंखा समाधान देणार नाही.

खरी परीक्षा: भरलेली नौका आणि पूर्ण थ्रॉटल

पंखा बरोबर आहे की नाही हे एका साध्या चाचणीने कळते. प्रत्येक मोटरीच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे किती ते किती असावेत याची मर्यादा दिलेली असते. अनेक चार-स्ट्रोक मोटरींसाठी ही मर्यादा मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे अशी असते. नौकेवर रोजचे ओझे ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडले असता फेरे या मर्यादेत, शक्यतो तिच्या वरच्या अर्ध्यात आले, तर पंखा योग्य आहे. फेरे खालीच अडकले तर पिच जास्त आहे. मर्यादा ओलांडली तर पिच कमी आहे. पिच एक इंचाने कमी केला की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात आणि एक इंचाने वाढवला की तितकेच घटतात. याच आकड्याच्या आधारे नवा पंखा ठरवता येतो.

लहान मोटरींवर फेरे दाखवणारे मापक बहुधा नसते. अशा वेळी स्पार्क प्लगच्या वायरभोवती गुंडाळायचे छोटे डिजिटल मापक वापरता येते. वेग मोजण्यासाठी मोबाइलमधील जीपीएस पुरेसे आहे. वाऱ्याचा आणि प्रवाहाचा परिणाम निघून जावा म्हणून एकाच पट्ट्यात जाऊन येऊन दोन्ही वेळचा वेग घ्यावा आणि त्याची सरासरी काढावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, पिंजऱ्यांना खाद्य पोचवणारी सहा मीटर लांबीची फायबरची नौका आहे. तिला २५ अश्वशक्तीची मोटर आहे, गिअरचे प्रमाण २ ला १ आहे आणि पंखा १३ पिचचा आहे. एकटा चालक घेऊन चाचणी केली तेव्हा फेरे ५,७०० आले. विक्रेता आणि ग्राहक दोघेही समाधानी झाले. पुढे प्रत्यक्ष कामात तिच्यावर तीन माणसे आणि ३०० किलो खाद्य चढले. आता पूर्ण थ्रॉटलला फेरे ४,७०० वर थांबतात आणि वेग ताशी २१ किलोमीटर मिळतो. गिअरमुळे पंखा मिनिटाला २,३५० वेळा फिरतो. १३ इंच म्हणजे सुमारे ०.३३ मीटर. घसरण नसती तर नौका ताशी सुमारे ४६ किलोमीटर गेली असती. याचा अर्थ घसरण निम्म्याहून अधिक आहे.

पंखा ११ पिचचा केला तर फेरे ३०० ते ४०० ने वाढून ५,००० च्या थोडे वर येतील. इंजिन आपल्या मर्यादेत येईल आणि त्याची पूर्ण शक्ती पाण्यापर्यंत पोचेल. कमी पिच असूनही भरलेल्या नौकेचा वेग घटण्याऐवजी वाढण्याची शक्यता अधिक असते. समजा तो ताशी २५ किलोमीटर झाला, तर घसरण सुमारे ४० टक्क्यांवर येते. हे आकडे उदाहरणापुरते असले तरी हिशेबाची पद्धत कोणत्याही नौकेला लागू पडते.

यात एक तडजोड आहे, ती स्पष्ट समजून घ्यावी. हाच ११ पिचचा पंखा घेऊन चालक रिकाम्या नौकेने परतेल तेव्हा पूर्ण थ्रॉटलला फेरे ६,००० च्या पुढे जाऊ शकतात. परतीच्या वेळी थ्रॉटल आवरते घेणे हा त्यावरील उपाय आहे. जास्त फेऱ्यांचा धोका चालकाच्या हाताने टाळता येतो, कारण तो कानाला ऐकू येतो. जास्त पिचच्या पंख्याने होणारी ओढाताण मात्र चालकाला टाळता येत नाही आणि बहुधा जाणवतही नाही. इंजिन शांत, संथ वाटते, पण आत ते तापत असते, सिलिंडरमध्ये काजळी धरत असते आणि पिस्टन व बेअरिंगवर ताण पडत असतो. दोन पंख्यांमध्ये निवड करताना संभ्रम पडला तर कामाच्या नौकेसाठी कमी पिचचा पंखा पत्करावा, असा संकेत यामुळेच रूढ आहे.

उंचीचा हिशेब

मैसूरच्या जलाशयांचा विचार येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. मंगळुरू, रत्नागिरी किंवा कोचीच्या किनाऱ्यावर उत्तम चाललेली मोटर आणि नौका जशीच्या तशी मैसूरला आणली तर काय फरक पडेल?

उंचीबरोबर हवा विरळ होते. सुमारे ७५० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण ७ टक्क्यांनी कमी असते. इंजिनात जेवढी हवा शिरते तेवढेच इंधन नीट जळू शकते, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही जवळपास तेवढ्याच प्रमाणात घटते. २५ अश्वशक्तीच्या मोटरीतून तेथे २३ च्या आसपासच अश्वशक्ती मिळते. इंधन-अंतःक्षेपण असलेली आधुनिक मोटर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोलचे प्रमाण आपोआप कमी करते. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटरीत मात्र मिश्रण इंधनाने गच्च होते, प्लग काळे पडतात आणि खर्च वाढतो. अशा मोटरीचे जेट अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासून घेणे हिताचे असते.

शक्ती ७ टक्क्यांनी घटली म्हणून फेरेही ७ टक्क्यांनी घटतात असे नाही. पंखा फिरवण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे तोच पंखा ठेवला तर फेरे सुमारे अडीच टक्क्यांनी, म्हणजे ५,५०० च्या जागी १३० ते १४० ने कमी होतात. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. हलक्या गोड्या पाण्यात पंख्याला विरोध थोडा कमी होतो आणि त्यातून चाळीस-पन्नास फेरे परत मिळतात. दुसरीकडे गोड्या पाण्यात नौका किंचित अधिक बुडते. सर्व मिळून हिशेब साधारण शंभर फेऱ्यांच्या तुटीवर येतो.

ही तूट एकटी असेल तर फार मोठी नाही. किनाऱ्यावर ज्या नौकेचे फेरे मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात होते, ती मैसूरलाही त्याच पंख्यावर समाधानाने चालेल. जी नौका किनाऱ्यावरच मर्यादेच्या खालच्या टोकाशी होती, ती मात्र पठारावर आल्यावर मर्यादेबाहेर जाईल आणि तिच्यासाठी पिच एक इंचाने उतरवावा लागेल. उंचीपेक्षा ओझ्याचा परिणाम कितीतरी मोठा आहे, हेही या हिशेबातून दिसते. वरच्या उदाहरणात माणसे आणि खाद्य यांनी हजार फेरे खाल्ले, तर मैसूरच्या उंचीने अवघे शंभर.

महाराष्ट्रातील जलाशयांनाही हाच विचार लागू होतो. कोयनेचा शिवसागर पूर्ण भरल्यावर सुमारे ६६० मीटर, उजनी सुमारे ४९७ मीटर आणि जायकवाडीचा नाथसागर सुमारे ४६४ मीटर उंचीवर असतो. कोयनेचा हिशेब कबिनीच्या जवळ जातो. उजनी आणि जायकवाडीत तूट त्याहून कमी, शक्तीच्या ४ ते ५ टक्के इतकी असते. कोकणातून वापरलेली मोटर घेऊन घाटावर आणणाऱ्या मासेमारी सहकारी संस्थांनी पहिल्याच दिवशी चाचणी करून घेतली तर पुढील त्रास वाचतो.

किनाऱ्यावरून येणाऱ्या मोटरीची आणखी एक गोष्ट तपासावी. धातू गंजू नये म्हणून मोटरीवर बळी जाणारा धातूचा तुकडा बसवलेला असतो. समुद्रात तो जस्ताचा चालतो. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून त्याचे काम मंदावते. तेथे ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा तुकडा अधिक उपयोगी पडतो.

बुडालेले खुंट, जलपर्णी आणि नायलॉन

कबिनीच्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या जंगलातील झाडांचे वाळलेले खुंट वर येतात. पक्ष्यांना बसायला ते सोयीचे असतात, नौकेच्या पंख्याला मात्र तितकेच घातक. पाणी मध्यम पातळीवर असते तेव्हा धोका अधिक, कारण खुंट पृष्ठभागाच्या जेमतेम खाली दडलेले असतात. अशा पाण्यात पंखा कोणत्या धातूचा असावा, हा प्रश्न व्यवहाराचा आहे.

पोलादी पंख्याची पाती पातळ आणि ताठ असतात. ती वाकत नाहीत, त्यामुळे कार्यक्षमता टिकते. मात्र तो महाग असतो आणि खुंटाला धडकल्यास धक्का पंख्यात न जिरता दांड्यापर्यंत आणि गिअरपर्यंत जाण्याचा धोका असतो. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त असतो. धडकेत त्याचे पाते वाकते किंवा तुटते, पण गिअरपेटी वाचण्याची शक्यता वाढते. खुंट, खडक आणि उथळ काठ असलेल्या जलाशयात लहान मोटरीसाठी ॲल्युमिनियमचा पंखा आणि नौकेत एक सुटा पंखा ही जोडी बहुधा अधिक परवडते. अनेक पंख्यांच्या तुंब्यात रबराची बाही असते, तर काही लहान मोटरींत धडकेने तुटणारी पिन असते. दोन्हींचा उद्देश धक्का आत जाऊ न देणे हाच आहे. तुटलेल्या पिनेच्या जागी लोखंडी खिळा ठोकण्याची सवय घातक आहे. पुढच्या धडकेत खिळा टिकतो आणि गिअर तुटतात. रबराची बाही सैल झाली तर इंजिन जोरात फिरते, पण पंखा त्याप्रमाणे फिरत नाही. हा दोष पिच कमी असल्यासारखा भासतो, म्हणून नवा पंखा घेण्याआधी बाही तपासावी.

जलपर्णी आणि नायलॉनची जाळी हे दुसरे शत्रू. वनस्पती पात्यांत अडकली की फेरे घटतात आणि थरथर वाढते. मोटर बंद करून, चावी काढून, मगच ती सोडवावी. नायलॉनचा धागा अधिक कपटी असतो. तो पंख्यामागे दांड्याभोवती गुंडाळला जातो, तापतो आणि तेलाचे सील कापतो. मग पाणी गिअरपेटीत शिरते. गिअरतेल दुधाळ दिसू लागले तर सील गेले असे समजावे. ज्या पाण्यात जाळी लावली जातात तेथे दर महिन्याला एकदा पंखा काढून दांडा पाहावा, धागे काढावेत आणि दात्यांना जलरोधक ग्रीस लावून पंखा पुन्हा बसवावा. ग्रीस न लावलेला पंखा वर्षभराने निघेनासा होतो आणि मग हातोड्याचे घाव त्याच्याच पात्यांवर पडतात.

पात्यांची संख्या हाही नेहमी विचारला जाणारा मुद्दा आहे. तीन पात्यांचा पंखा बहुतेक कामांना पुरेसा असतो. चार पात्यांचा पंखा पाण्यावर पकड चांगली धरतो, कमी वेगात नौका स्थिर ठेवतो आणि थरथर कमी करतो. मात्र त्याच पिचला तो फेरे सुमारे ५० ते १०० ने उतरवतो. जड ओझ्यासाठी चार पाती घ्यायची असतील तर पिच साधारण एक इंच कमी घ्यावा. दुसऱ्या बनावटीचा पंखा घेताना आतील दात्यांची संख्या, फिरण्याची दिशा आणि मागील वॉशर जुळतो की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.

इंधनाचा हिशेब फेरीवर

पंखा बदलल्यावर इंधन वाचले की नाही हे ठरवताना ताशी किती लिटर लागले एवढेच पाहिले तर फसगत होते. योग्य पंख्याने इंजिन अधिक फेरे घेते, त्यामुळे तासाचा खप वाढलेला दिसू शकतो. मात्र काम लवकर संपते. म्हणून मोजणी फेरीवर करावी. तेच अंतर, तेच ओझे आणि खुणा केलेल्या कॅनमधून मोजून भरलेले पेट्रोल, अशी आधीची व नंतरची किमान तीन फेऱ्यांची तुलना विश्वसनीय ठरते.

योग्य पंखा बसवल्यानंतर सर्वांत मोठी बचत थ्रॉटल आवरण्यात आहे. लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने बदलत असल्यामुळे फेरे १० टक्क्यांनी कमी केले की शक्तीची गरज सुमारे २७ टक्क्यांनी घटते. ओझ्याने भरलेली जड नौका तर एका मर्यादेपलीकडे स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू शकत नाही. पाण्याला टेकलेली लांबी २० फूट असेल तर ही मर्यादा ताशी सुमारे ११ किलोमीटर असते. जी नौका ही लाट ओलांडून पृष्ठभागावर सरकू शकत नाही, तिला अधिक पिचचा पंखा लावून वेग मिळत नाही. फक्त लाट मोठी होते आणि पेट्रोल जळते.

संस्थांसाठी शिफारशी

मोटर खरेदी करतानाच नौकेची लांबी, रोजचे कमाल ओझे आणि जलाशयाची उंची विक्रेत्यास लेखी सांगावी, आणि चाचणीनंतर पंखा बदलून देण्याची अट घालावी. चाचणी नेहमी रोजच्या कमाल ओझ्यासह घ्यावी. एकट्या चालकाने केलेली चाचणी ग्राह्य धरू नये.

पूर्ण थ्रॉटलचे फेरे मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात येतील असा पिच निवडावा. संभ्रम असल्यास कमी पिच घ्यावा. ॲल्युमिनियमचा एक सुटा पंखा, पिना, नट, पाना आणि पक्कड कायम नौकेत ठेवावी.

वाकलेले पाते दगडावर ठोकून सरळ करू नये. तिन्ही पात्यांचा कोन सारखा न राहिल्यास थरथर वाढून बेअरिंग लवकर जाते. पंख्याजवळ माणूस पाण्यात असताना मोटर केवळ न्यूट्रल करून थांबू नये, ती पूर्ण बंद करावी. चालकाने मोटर बंद करणारी सुरक्षा-दोरी मनगटाला किंवा जीवरक्षक जॅकेटला अडकवूनच निघावे.

प्रत्येक नौकेसाठी एक छोटी वही ठेवावी. तिच्यात पंख्यावरील दोन आकडे, ओझे, पूर्ण थ्रॉटलचे फेरे, वेग आणि फेरीचे पेट्रोल यांची नोंद करावी. पुढच्या वेळी पंखा तुटेल तेव्हा दुकानदाराच्या अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही. कोणता पंखा हवा, हे ती वहीच सांगेल.